गेम बनवणाऱ्या मराठी पोरापोरींनो, एक आखाडा बांधा

प्रति,
पुणे, मुंबई, नागपूर, बंगळूर, हैदराबाद, जिथे असाल तिथे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या मराठी मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यात, काटेपूर्णा नदीच्या काठाला आमचं गाव आहे. गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा सुटली की दुकानापुढच्या ओट्यावर पाच-सहा पोट्टे जमतात आणि एका फोनवर कुस्तीचा गेम लावतात. ज्याचा पैलवान हरला त्यानं फोन पुढच्याच्या हातात द्यायचा, असा त्यांचा नियम. स्क्रीनला तडा गेलेला असतो, बॅटरी संपत आलेली असते, मग मी आतून चार्जरची वायर बाहेर सोडतो. ही पोरं टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतला अंडरटेकर रिंगणात कसा येतो ते चालून दाखवतात. जॉन सीना हात तोंडापुढे कसा हलवतो तेही. याच ओट्यापासून शंभर पावलांवर मारुतीच्या देवळामागे गावचा आखाडा आहे. तिथे आज सात-आठ जण उतरतात, त्यातही दोघं-तिघं पोलीस भरतीची तयारी करणारे.

हे पत्र गेमच्या विरोधात नाही. मी स्वतः वीस वर्षांपासून हे गेम खेळतो आणि मला ते मनापासून आवडतात. म्हणूनच तुमच्याकडे मागतो आहे. मातीच्या कुस्तीचा एक चांगला गेम बनवा. साध्या फोनवर चालेल असा. आणि त्यात आम्ही घडवलेला पैलवान आमच्याच फोनमध्ये राहील, कोणाच्या सर्व्हरवर नाही, अशी सोय करा.

आमच्या पिढीत ही टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती, म्हणजे प्रो रेसलिंग, आधी पत्त्यांतून आली. एकेका पैलवानाचं चित्र, खाली उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. मग केबल आली आणि पत्त्यांवरची माणसं हलायला लागली. पुढे उन्हाळ्याच्या सुटीत मी अकोल्याला मामाकडे जायचो तेव्हा तिथे गेम पार्लर निघाले होते. तासाला वीस रुपये. प्लेस्टेशन २ वर 'हिअर कम्स द पेन' लावलेला असायचा. २००३ साली आलेला, जपानच्या युक्स कंपनीनं बनवलेला. त्यात पडद्याच्या कोपऱ्यात माणसाचं एक छोटं चित्र असायचं. डोकं, धड, हात, पाय. जिथे मार बसेल तो भाग रंग बदलत लाल व्हायचा, आणि मग त्याच भागाला पकड घालून समोरच्याला हार मानायला लावता यायची. मला ते बघून पहिल्यांदा वाटलं की हे बनवणाऱ्याला कुस्ती कळते. आमचे वस्ताद आखाड्यात हेच सांगायचे: ज्या पायावर वजन घेताना तो कचरतो, तिथेच काम करत राहा.

नंतर कॉम्प्युटर आला आणि मी जुने गेम शोधून शोधून खेळलो. २००० सालचा 'नो मर्सी' खेळलो. त्यात बटण हलकं दाबलं तर साधी पकड, दाबून धरलं तर घट्ट पकड, आणि दोन्हीतून निघणारे डाव वेगवेगळे. इतक्या साध्या कल्पनेवर उभा असलेला तो गेम लोक पंचवीस वर्षांनीही खेळतात. पण आखाड्याच्या सगळ्यात जवळ गेली ती जपानचीच 'फायर प्रो रेसलिंग' ही मालिका. ती १९८९ पासून चालू आहे. दिसायला जुनाट, वरून तिरप्या कोनातून दिसणारी छोटी चित्रं. पण त्यात बटणं बदडून काही मिळत नाही. दोन पैलवान जवळ आले की आपोआप भिडतात. भिडल्याचा तो नेमका क्षण ओळखून ज्यानं बटण दाबलं त्याचा डाव लागतो. आधी दाबलं तर गेलं. आणि सुरुवातीलाच मोठा डाव टाकायला गेलं तर समोरचा उलटवतो. आधी हलके डाव, मग मधले, दम उतरला की जड. आमच्याकडे कुस्ती लागली की पहिली काही मिनिटं जी खडाखडी चालते, मनगटं धरणं, मानेवर हात टाकून खेचणं, पाय चाचपणं, ती अगदी हीच आहे. जपानच्या माणसानं ती बटणात बसवून दाखवली. आपल्याला का बसवता येऊ नये?

आता माझ्या आबाजींबद्दल लिहितो, कारण या पत्राचं मूळ तिथे आहे.

आबाजी पैलवान होते. जिल्ह्यात नाव वगैरे नव्हतं, पण पंचक्रोशीतल्या दंगलीत त्यांच्याशी जोड लावताना पंच दोनदा विचार करायचे. दुसऱ्याच्या वावरात सालदार म्हणून राबायचे आणि पहाटे आखाड्यात असायचे. म्हातारपणी दुकानात येऊन माझ्याजवळ बसायचे. २०१४ साली एकदा मी त्यांना फोनवर कुस्तीचा गेम दाखवला. माझ्या पैलवानानं समोरच्याला उचलून आपटलं, अंगावर झोपला, आणि पंच जमिनीवर हात आपटायला लागला. आबाजी फोन डोळ्याजवळ घेऊन बघत होते.

"पाठ टेकली न त्याची?"

"हो आबाजी."

"मंग हा पंच कायले मोजून रायला?"

मी सांगितलं की तीन मोजेपर्यंत खांदे जमिनीला राहिले तरच तो हरतो. तेवढ्यात समोरच्यानं दोनवर खांदा उचलला आणि उठून बसला. आबाजींनी फोन माझ्या हातात परत दिला.

"आमच्यात तं एकडाव पाठ लागली का खतम. माणूस उठते, माती झाडते अन घरी जाते."

त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं विचार करतो आहे. तुम्ही गेम बनवणारी माणसं आहात, तुम्हाला त्यातली गोम लगेच कळेल. प्रो रेसलिंगच्या गेमचा सगळा थरार पाठ टेकल्यानंतर सुरू होतो. एक, दोन, आणि तिसऱ्याच्या आत खांदा उचलायचा. त्यासाठी पडद्यावर वेगळी पट्टी असते, तिच्यातली खूण योग्य जागी थांबवायची असते किंवा बटण बदडायचं असतं. जितका मार खाल्लेला, तितकं सुटणं अवघड. चुका करा, उठा, परत चुका करा. मातीच्या कुस्तीत हे नाही. तिथे सगळा थरार पाठ टेकण्याच्या आधी आहे. खांद्यात आणि मातीत चार बोटांचं अंतर राहिलेलं असतं, खालचा मानेचा पूल करून अंग उचलून धरतो, वरचा छातीचा भार देतो, कडेला बसलेला माणूस मातीवर आडवा होऊन खालून बघतो, आणि डफडं थांबतं. हे अंतर जर कोणी गेममध्ये आणलं तर खेळणाऱ्याच्या अंगठ्याला घाम सुटेल. तीन मोजायची गरजच पडणार नाही.

आणखी एक फरक आहे. प्रो रेसलिंगच्या गेममध्ये खाली पडलेला पैलवान म्हणजे पडलेला. तो उताणा किंवा पालथा पडून राहतो आणि आपण त्याला लाथ मारतो, पकड घालतो किंवा उचलून उभा करतो. मातीत खाली आलेला पैलवान हरलेला नसतो. तो गुडघ्या-कोपरांवर घट्ट बसतो, पोट मातीला लावतो, आणि वरच्यानं कब्जा घेऊन त्याला उलटवायचं असतं. घिस्सा, एकलंगी, मोळी हे सगळे डाव त्यासाठीच आहेत. निम्मी कुस्ती इथे होते. चाळीस वर्षांत एवढे कुस्तीचे गेम आले, पण ही निम्मी कुस्ती मला त्यात कुठे मनासारखी भेटली नाही. जे येईल ते अगदी थोडं. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेच्या प्रो रेसलिंग कंपनीच्या नावानं निघालेल्या 'डब्ल्यूडब्ल्यूई २के२५' या गेममध्ये सुरुवातीची हातझोंबी, ज्याला ते चेन रेसलिंग म्हणतात, परत आणली आहे. त्यात हात, डोकं धरून एकमेकांवर कुरघोडी करता येते. चांगलं केलं. त्याच गेममध्ये दोर नसलेल्या रिंगणातली कुस्तीही आहे. म्हणजे दोर काढता येतात. मग मातीही टाकता येईल.

आबाजींनी त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं. "हे नूरा हाय का?"

नूरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवलेली. टीव्हीवरचं प्रो रेसलिंग नूरा असतं हे मी त्यांना सांगितलं. पडतात ते खरं, लागतं तेही खरं, पण कोण जिंकणार ते आधी ठरलेलं. २००७ साली ग्रेट खली जगज्जेता झाला तेव्हा आमच्या घरी वीस माणसं टीव्हीपुढे बसली होती, आणि तेव्हाही आबाजी मागे टेकून शांत होते. त्यांना ते पहिल्या दिवसापासून कळलेलं असणार. पण मी त्यांना फोन दाखवून म्हटलं, आबाजी, टीव्हीवरचं नूरा आहे, हे नाही. इथे कोण जिंकणार ते कोणी ठरवलेलं नाही. मी चुकलो तर मी हरतो. त्यांनी मान हलवली. मला आजही वाटतं की या गेमची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. ठरवलेल्या कुस्तीवरून बनवलेला खेळ, पण तो मात्र खरा लढायचा. ओट्यावरची पोरं म्हणूनच त्याला चिकटतात. फोन हातातून जाण्याची भीती खरी असते.

आणि ही ठरवलेली कुस्तीसुद्धा आपल्यापासून फार लांबची नाही. गामा पैलवान १९१० साली लंडनला गेला, तिथे पोलंडच्या झ्बिश्कोशी अडीच तासांहून जास्त भिडला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळ्याला त्याच झ्बिश्कोला त्यानं एका मिनिटाच्या आत चीत केलं. दारा सिंगांचं नाव २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. जपानमध्ये प्रो रेसलिंग शिकायला आलेल्या पोरांकडून शेकड्यांनी बैठका काढून घेतात, आणि जगभर त्या बैठकीला 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात. आपला व्यायाम त्यांच्याकडे पोचला, आपले मल्ल पोचले. हौद्याची माती तेवढी पोचली नाही, आणि ती आणून देणारं आपल्याशिवाय दुसरं कोणी नाही.

आबाजी २०१८ मध्ये गेले. काही वर्षांनी अमरावतीच्या एका मित्राकडे नवा कन्सोल आला आणि त्यावर कुस्तीचा एक मोठा गेम होता. कोणता ते मी लिहीत नाही, त्यानं फरक पडत नाही. या गेममधला मला सगळ्यात प्रिय भाग म्हणजे स्वतःचा पैलवान घडवायचा विभाग. चेहऱ्याचं एकेक हाड ओढता येतं, फोटो चढवता येतो, चाल निवडता येते, एंट्री रचता येते, डावांची यादी स्वतः भरता येते. मी आबाजी घडवायला बसलो. त्यांचा एकच जुना फोटो आहे, दंगल जिंकल्यावरचा, खांद्यावर शेला, हातात नारळ. दर शनिवारी शेवटच्या एसटीनं अमरावतीला जायचो आणि रविवारी संध्याकाळी परत. दोन महिने लागले.

लंगोट नव्हता. आखूड चड्डी घेऊन तिच्यावर रंग चढवला. फटाके, धूर, दिवे सगळं काढून टाकलं, नुसते चालत येतात असं ठेवलं. आखाड्यात पाय टाकण्याआधी वाकून माती कपाळाला लावायची असते, ती हालचाल कुठे मिळाली नाही. डावांत कलाजंग मिळाला. तिकडे त्याला फायरमन्स कॅरी म्हणतात, समोरच्याला खांद्यावर आडवा घेऊन टाकायचा. धोबीपछाडाच्या जवळचा खांद्यावरून फेकायचा एक डाव मिळाला. आबाजींचा हुकमी डाव ढाक होता, तो मिळाला नाही. तरी चेहरा उतरला होता. भुवयांमधली आठीसुद्धा. मित्राची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "हे तं तुये आबाजी वाटून रायले."

मी ते गेमच्या ऑनलाइन विभागात चढवले, म्हणजे कोणालाही उतरवून घेता येतील. नंतर मित्राच्या कन्सोलची डिस्क गेली. तोवर त्या गेमचा सर्व्हर बंद झाला होता. नवा गेम आला, जुन्याचा सर्व्हर बंद, हे या धंद्यात होतंच. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, मला कळतं. पण आबाजी आता कुठेच नाहीत. माझ्याकडे पडद्याचा एक अंधुक फोटो तेवढा आहे.

म्हणून पैलवान आमच्याच फोनमध्ये राहावा ही मागणी मी सुरुवातीलाच लिहिली. घडवलेला पैलवान म्हणजे एक छोटी फाइल असते. चेहऱ्याचे आकडे, रंग, डावांचे क्रमांक. ती फोनमध्ये ठेवू द्या. ब्लूटूथनं शेजारच्याला देऊ द्या, पेन ड्राइव्हवर घेऊ द्या. उद्या तुमचा धंदा बसला, कंपनी विकली गेली, तरी आमच्या गावातले पैलवान आमच्याकडे राहतील. यासाठी तुम्हाला वेगळा खर्च नाही. उलट सर्व्हरचा खर्च वाचेल.

आणि इंटरनेटचं सांगायलाच नको. अमेरिकेचे हे मोठे गेम कॉम्प्युटरवर ८०-९० जीबी जागा मागतात. रोजचा दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसानं दुसरं काहीही न करता ९० जीबी उतरवायला ६० दिवस लागतील. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या फोनांची सगळी जागाच ६४ जीबी असते. त्यात पिकांचे फोटो, भजनांचे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सकाळच्या शुभेच्छा. मग पोरं काय करतात? कुठून तरी आलेली, आवडत्या पैलवानांची नावं-चेहरे बदलून घातलेली गेमची फाइल फोनमध्ये टाकतात. तिच्याबरोबर काय काय येतं ते मी रोज साफ करतो. मागच्या पावसाळ्यात एका बापाचा फोन दुरुस्तीला आला, त्यावर दर मिनिटाला जाहिरात उघडत होती आणि पीकविम्याचा ओटीपी दिसेपर्यंत मुदत संपत होती. पोरगं कोपऱ्यात रडवेलं उभं होतं. त्याला फक्त कुस्ती खेळायची होती.

तुम्ही म्हणाल, मोठा गेम बनवायला शेकडो माणसं लागतात. लागतात, पण नेहमी नाही. माझ्या ओट्यावर जो गेम सगळ्यात जास्त खेळला जातो तो 'रेसलिंग रेव्होल्यूशन'. २०१२ साली आला. तो इंग्लंडच्या मॅट डिकी नावाच्या माणसानं जवळजवळ एकट्यानं बनवला आहे. २०२१ मध्ये त्यानंच 'रेसलिंग एम्पायर' काढला. चेहरे ठोकळ्यासारखे, हातपाय विचित्र वळतात, पण तो स्वस्त फोनवर चालतो, इंटरनेटशिवाय चालतो, आणि त्यात पैलवानाचं अख्खं आयुष्य आहे. कराराची बोलणी, पगार, दुखापत, वय. एका माणसानं एवढं उभं केलं. आणि पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' बनवून जगासमोर ठेवला, तोही लहान चमूनं. म्हणजे हात आपल्याकडे आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, त्याच कायद्यात साध्या गेमना आणि ई-स्पोर्ट्सना प्रोत्साहन द्यायचंही म्हटलं आहे. वेळही बरी आहे.

गेममध्ये काय काय असावं, हे मी रात्री दुकान बंद केल्यावर वहीत लिहीत असतो. थोडं इथे देतो.

सगळ्यात आधी माती. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी, तिच्यात कुस्ती होत नाही. आखाड्यासाठी वेगळी मऊ माती आणतात, दगड-खडे वेचून चाळतात, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालतात, पाणी मारून फावड्यानं खणतात. पैलवानाचा पहिला व्यायाम हाच. गेमची पहिली पायरी हीच ठेवा. खणल्याशिवाय कुस्ती नाही, आणि नीट खणली नाही तर पडल्यावर जास्त लागेल. कुस्ती चालू असताना घामानं अंग निसरडं होतं, पकड सुटते, म्हणून पैलवान मूठभर माती उचलून समोरच्याच्या मानेला, पाठीला चोळतो. बघा, हे किती सुंदर बटण होईल. माती चोळायला थांबाल तर पकड बसेल, पण त्या अर्ध्या क्षणात तुम्ही उघडे पडाल.

प्रेक्षकांच्या आवाजाची पट्टी बऱ्याच गेममध्ये असते, लोक ओरडले की ताकद वाढते. आमच्या दंगलीत लोक नुसते ओरडत नाहीत, बोली लावतात. पंच हात वर करून सांगतो, या जोडीवर अमक्याकडून १०१ रुपये, तमक्याकडून ५०१. कुस्ती रंगली की चालू कुस्तीत इनाम वाढतं. लहान पोरांच्या कुस्त्या नारळावर. तिथून सुरुवात करा, नारळावरून शंभरावर, शंभरावरून हजारावर. जोड लावणंही असंच घ्या. पैलवान हात वर करून आखाड्याभोवती फेरी मारतो, ज्याला लढायचंय तो उतरतो, पंच दोघांना शेजारी उभं करून खांद्याला खांदा बघतात, वजनात फार फरक असेल तर परत पाठवतात.

आणि वस्तादचा विभाग. अमेरिकेच्या गेममध्ये 'मायजीएम' आहे, व्यवस्थापक होऊन पैलवान घ्यायचे, कार्यक्रम ठरवायचे, पैसे सांभाळायचे. फार छान विभाग आहे तो. आपल्याकडे वस्ताद होऊ द्या. हाताशी पाच पोरं. एकाचा बाप म्हणतो, सोयाबीन काढायला आला आहे, पोरगं द्या परत. एकाला रोज दोन लिटर दूध लागतं आणि घरी म्हैस आटली आहे. बदाम परवडत नाहीत, मग शेंगदाणे आणि गूळ. जून-जुलैत पेरणी, तेव्हा आखाडा ओस. नागपंचमी आणि पोळ्याच्या सुमाराला दंगली, तेव्हा सगळ्यांना एकदम तयार करायचं. एखादा गुडघा धरून बसतो, त्याला गेल्या वर्षीच्या दंगलीत लागलेलं आहे आणि त्यानं घरी सांगितलेलं नाही. उतरवायचं की नाही, हा निर्णय खेळणाऱ्यानं घ्यावा. कुठल्याही बटणापेक्षा अवघड. माझ्या आबाजींना एकदा त्यांच्या वस्तादांनी इनाम मोठं असूनही उतरू दिलं नव्हतं, ते म्हातारपणीही सांगायचे, आणि सांगताना वस्तादांचं नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावायचे.

पुढची शिडी तर तयारच आहे. गाव, तालुका, जिल्हा आणि १९६१ पासून होत आलेली महाराष्ट्र केसरी, जिथे माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता गदेसाठी भिडतात. मातीवर शिकलेल्याला गादीवर गुणांच्या हिशोबानं लढताना काय अडचण येते, तोही गेमचा एक टप्पा होईल. मुलींना पहिल्या दिवसापासून घ्या. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आमच्या आखाड्यात अजून एकही मुलगी उतरलेली नाही, पण ओट्यावर फोन हिसकावून घेणाऱ्यांत दोन आहेत आणि त्या सहसा हरत नाहीत.

डफड्याचा आवाज खरा घ्या. हलगीचा नको, ती पश्चिम महाराष्ट्राकडची. आमचं डफडं वेगळं बोलतं. समालोचन मराठीत ठेवा, आणि जमलं तर एक वऱ्हाडीत. जगातल्या पैलवानांना हरवून आलेल्या आपल्या माणसाला "वा रे पठ्ठ्या, दाखवलं न आसमान" असं कोणी तरी म्हणालं पाहिजे.

पैसे घ्या. फुकट मागत नाही. एकदाच काय ते घ्या, दोनशे-तीनशे रुपये, आम्ही देऊ. पोरांना गेममधल्या, आत काय निघेल ते माहीत नसलेल्या पेट्या उघडायला लावून पुन्हा पुन्हा पैसे काढू नका. बापाच्या फोनवरचा यूपीआयचा पिन पोराला माहीत असतो, आणि कापसाचे पैसे त्याच खात्यात येतात.

माहितीसाठी अमरावतीला जा. तिथलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं आहे, त्यांच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. आणि मग आमच्याकडे या. आमच्या गावचे वस्ताद एकाहत्तर वर्षांचे आहेत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं आहे, अंगाला काही चिकटवून किंवा नुसतं कॅमेऱ्यापुढे डाव करून दाखवायचे आणि कॉम्प्युटर ते शिकतो. त्यांनी विचारलं, "खाली कोण बसन?" म्हणजे डाव अंगावर घ्यायला कोण. मी पोलीस भरतीवाल्या दोघांना विचारून ठेवलं आहे. मी मोबाइलवर आजवर ढाक, कलाजंग, मोळी आणि घिस्सा घेतले आहेत, प्रत्येक डाव दोन बाजूंनी, सकाळच्या उजेडात. हवे असतील तर पाठवतो, पण कॅमेरा हलला आहे, तुम्ही याल तर नीट होईल.

नागपंचमी ते पोळा या दिवसांत या. अकोल्याहून बार्शीटाकळीला एसटी आहे, तिथून पुढे मी गाडी घेऊन येतो. राहायची सोय माझ्या घरी. आबाजींचा तो फोटोही दाखवीन.

आपला,
मोबाइल दुरुस्तीवाला,
काटेपूर्णेच्या काठावरून, ता. बार्शीटाकळी, जि. अकोला